मोठ्या जनावरासाठी स्लग: डब्यावरचा आकडा बाजूला ठेवून निवड कशी करावी

काडतुसांच्या डब्यावर वेग ठळक छापलेला असतो, त्याखाली ऊर्जा, आणि जोडीला बहुधा तोंड वासलेलं अस्वल. नवखा माणूस दोन डबे हातात घेतो, आकडे ताडून बघतो आणि मोठा आकडा असलेला डबा उचलतो. हरणाच्या शिकारीत यानं फारसं बिघडत नाही. जनावर तीनशे किलोचं असेल, त्याच्या खांद्याचं हाड मनगटाएवढं जाड असेल आणि ते तुमच्याच दिशेनं येत असेल, तेव्हा मात्र हाच आकडा दगा देतो. मोठ्या जनावरासाठी स्लग निवडताना तीन प्रश्न याच क्रमानं विचारायचे. गोळी किती खोल जाईल? ती माझ्या नळीतून सरळ जाईल का? तिचा धक्का सोसून मी लगेच दुसरा बार काढू शकेन का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर डब्यावर सहसा नसतंच, आणि बाकीची दोन तर छापता येण्यासारखीच नाहीत.

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. स्लग म्हणजे शॉटगनच्या, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीच्या, काडतुसात छऱ्यांऐवजी भरलेली एकच जाड गोळी. आणि बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं जुनं माप. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोल गोळ्या पाडल्या, तर त्यातल्या एकीचा व्यास म्हणजे १२ बोअर. तो सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. २० बोअरची नळी सुमारे १५.६ मिलिमीटरची. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. मोठ्या जनावरासाठी १२ बोअरच धरावी. २० बोअरचे चांगले स्लग हरणांसाठी उत्तम आहेत, त्यापुढे त्यांना ताणू नये.

पायरी १: आधी जनावर ठरवा

‘मोठं’ आणि ‘धोकादायक’ हे शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण ते वेगळे आहेत. मूस, म्हणजे थंड प्रदेशातलं सगळ्यात मोठं हरीण, हे प्रचंड जनावर आहे, मोठा नर पाचशे किलोंच्या पुढे जातो. पण त्याच्या बरगड्यांमागे फुप्फुसांचं लक्ष्य मोठं असतं आणि तुम्हाला वेळ मिळतो. रानडुक्कर वजनानं त्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण म्हाताऱ्या नराच्या खांद्यावर चिवट, कूर्चेसारखी ढाल तयार झालेली असते आणि जखमी डुक्कर पळून जाण्याऐवजी उलटून येऊ शकतं. तपकिरी अस्वल ही दोन्हींची बेरीज आहे: वजन, जाड हाडं, दाट केस, चरबीचा थर, आणि वेग.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. शिकारीत वेळ तुम्ही ठरवता. जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबता, अंतर मोजता, नको वाटलं तर सोडून देता. बचावात वेळ जनावर ठरवतं. ते समोरून येतं, अंतर वीस-पंचवीस मीटर किंवा त्याहूनही कमी असतं, आणि त्याला फुप्फुसात गोळी लागून अर्ध्या मिनिटानं मरायला लावणं तुमच्या कामाचं नसतं. हृदय फुटलेलं जनावरसुद्धा मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर दहा-पंधरा सेकंद धावू शकतं, आणि तेवढ्यात अस्वल शंभर मीटर सहज कापतं. त्याला जागेवर थांबवायचं तर मेंदू, पाठीचा कणा किंवा अंग पेलणारी मोठी हाडं गाठावी लागतात. मारणं आणि थांबवणं यातला हा फरक ज्याच्या डोक्यात बसला, त्याची निम्मी निवड तिथेच झाली.

आणि एक मर्यादा आताच सांगून टाकतो. हत्ती, आफ्रिकी रानम्हैस, गेंडा यांच्यासाठी स्लग नाही. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत अशा जनावरांसाठी किमान .३७५ (म्हणजे गोळीचा व्यास इंचात) रायफलीची अट असते, आणि ती उगाच घातलेली नाही. याउलट अमेरिकेच्या काही सपाट, दाट वस्तीच्या राज्यांत हरणाच्या शिकारीला रायफलीऐवजी शॉटगनचीच सक्ती वर्षानुवर्षं होती, कारण स्लग रायफलीच्या गोळीइतका लांब जात नाही. जिथे जाणार तिथे शिकार मुळात चालते का, कोणत्या जनावराची, कोणत्या हत्यारानं आणि कोणत्या धातूची गोळी चालते, हे लेखी पाहून मगच खरेदीला निघा. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळीच बंद आहे. तिथे या लेखातले निम्मे पर्याय आपोआप गळतात.

जाता जाता: फक्त अस्वलाच्या भीतीनं बंदूक घेणार असाल, तर मिरचीच्या फवाऱ्याचा डबा आधी घ्या. अलास्कातल्या घटनांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवाऱ्यानं ९२ टक्के वेळा त्यांचं नकोसं वागणं थांबलं. फवाऱ्याला नेम फारसा लागत नाही, हाडं फोडावी लागत नाहीत. बंदूक नको असं मी म्हणत नाही. पण पट्ट्याला फवारा आणि खांद्याला बंदूक, हा क्रम मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

पायरी २: आपली नळी वाचायला शिका

काडतूस निवडण्याआधी नळीवर काय कोरलंय ते वाचा. तिथे बोअर आणि चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीची, लांबी लिहिलेली असते: २¾ इंच म्हणजे ७० मिलिमीटर, ३ इंच म्हणजे ७६, आणि ३½ इंच म्हणजे ८९. इथे एक फसवा सापळा आहे. काडतुसाची लांबी ते उडाल्यानंतर, तोंड उघडल्यावरची मोजलेली असते. त्यामुळे न उडालेलं ७६ मिलिमीटरचं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये गुपचूप बसू शकतं. बार होताना त्याचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा मिळत नाही, वाट अरुंद होते आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो. ‘बसलं म्हणजे चाललं’ हा नियम इथे अजिबात लागू नाही. उलट चालतं: ७६ च्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस वापरायला हरकत नसते. जुन्या वारसाहक्कानं आलेल्या बंदुकीचं चेंबर ६५ मिलिमीटरचंही असू शकतं. नळीवर नागमोडी नक्षीसारखे पट्टे दिसले तर ती दमास्कसची नळी समजा. तिच्यातून स्लग तर सोडाच, आजचं कोणतंही काडतूस जाणकाराला दाखवल्याशिवाय उडवू नका.

दुसरी गोष्ट, नळी आतून गुळगुळीत आहे की आटे पाडलेली. आटे पाडलेल्या नळीत गोळी फिरकी घेत बाहेर पडते, म्हणून ती लांबवर सरळ जाते. स्लगसाठीच्या अशा नळ्यांत साधारण २८ ते ३५ इंचांत एक फेरा असतो. कोणता स्लग तुमच्या कामाचा, याचं पहिलं उत्तर हाच फरक देतो.

तिसरी गोष्ट चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेला आवळपणा. छर्रे एकत्र राहावेत म्हणून तो असतो. फुल चोकमध्ये तोंड जवळपास एक मिलिमीटरनं अरुंद होतं, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमध्ये जेमतेम पाव मिलिमीटर. मऊ शिशाचा स्लग या आवळपणातून दाबून निघतो. कडक मिश्रधातूचा, पितळेचा किंवा पोलादाचा तसा निघेलच असं नाही. म्हणून सिलिंडर (म्हणजे आवळपण नसलेलं तोंड) किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, याच्यापुढे जाऊ नका, आणि कडक स्लगच्या डब्यावर बनवणाऱ्यानं चोकबद्दल काय लिहिलंय ते वाचा. मऊ स्लगही कमी आवळपणातून बहुतेक वेळा जास्त नेमका जातो, तेव्हा यात तोटा काहीच नाही.

पायरी ३: स्लगच्या जाती

फॉस्टर स्लग सगळ्यात जास्त विकला जातो. कार्ल फॉस्टर यांनी तो १९३१ मध्ये बनवला. मऊ शिसं, मागून पोकळ, वजन सगळं पुढे. बॅडमिंटनचं फूल जसं जड टोक पुढे ठेवून उडतं, तसाच हा फिरकीशिवाय सरळ जातो. त्याच्या अंगावर तिरक्या रेघा असतात. पुष्कळांना वाटतं, त्यामुळे तो फिरतो. खरं काम वेगळंच आहे: चोकमधून जाताना दाबलं जाणारं शिसं त्या खाचांत सामावतं. गुळगुळीत नळीत हरणासाठी फॉस्टर स्वस्त आणि भरवशाचा. पण त्याचा जो गुण हरणावर उपयोगी, म्हणजे मऊपणानं पसरणं, तोच मोठ्या हाडावर दोष ठरतो. पोकळ वाटी हाडावर आपटून चपटी होते, कधी तुकडे होतात, आणि आत जायचं राहून जातं.

ब्रेनेके त्याच्याहून जुना. विल्हेल्म ब्रेनेके या जर्मन माणसानं तो १८९८ मध्ये तयार केला. हा भरीव असतो आणि त्याच्या मागे वॅड, म्हणजे फेल्टची किंवा प्लास्टिकची शेपूट, स्क्रूनं पक्की जोडलेली असते. उडताना ती सुटत नाही, बाणाच्या पिसांसारखं गोळीला सरळ ठेवते. मोठ्या जनावरासाठीच्या ब्रेनेकेचं शिसं जास्त कडक असतं, तो पसरत कमी आणि घुसत जास्त. गुळगुळीत नळीच्या मालकाला मोठं जनावर गाठायचं असेल, तर शोध इथूनच सुरू करावा असं माझं मत आहे.

त्यापुढची जात म्हणजे पूर्ण बोअरच्या जाडीचे, कडक ओतीव मिश्रधातूचे, रुंद सपाट नाकाचे स्लग. यांत ४० ग्रॅमच्या पुढची वजनंही मिळतात. शुद्ध शिशाची कठिणता ब्रिनेल मोजपट्टीवर ५ च्या आसपास असते, चांगल्या कडक ओतीव गोळीची १८ ते २२. रुंद सपाट नाकाचा फायदा दुहेरी: वाटेतलं मांस-हाड ते ढकलत, चिरडत जातं, आणि आत गेल्यावर गोळीची वाट वाकडी होत नाही. गोल नाकाची गोळी तिरक्या हाडावरून घसरून भलतीकडे वळू शकते. यातले काही स्लग फक्त आटे पाडलेल्या नळीसाठी असतात, काही दोन्हींसाठी. डबा वाचल्याशिवाय गृहीत धरू नका. पोलादी किंवा पितळी भरीव स्लगही बाजारात आहेत. ते खोल जातात, पण चोकबाबतची काळजी त्यांना दुप्पट.

सॅबो ही वेगळीच वाट आहे. नळीपेक्षा बारीक, बऱ्याचदा साधारण १२.७ मिलिमीटरची गोळी प्लास्टिकच्या खोळीत बसवलेली असते. खोळ आटे पकडते, गोळीला फिरवते आणि नळीबाहेर पडल्यावर गळून पडते. आटे पाडलेल्या नळीतून ती शंभर ते दीडशे मीटरवर रायफलीच्या जवळ जाणारी नेमकी असते. गुळगुळीत नळीतून मात्र ती वाया: फिरकी मिळत नाही आणि गोळी आडवीतिडवी जाते. आणि लक्षात ठेवा, बहुतेक सॅबो गोळ्या हरणात फुलाव्यात अशा बेतलेल्या असतात. मूससाठी घ्यायचीच असेल तर अखंड तांब्याची, वजन टिकवून ठेवणारी घ्या. जवळून येणाऱ्या अस्वलासाठी मी सॅबो घेणार नाही.

काडतुसाची कड कापून अख्खा छऱ्यांचा गोळा एकत्र उडवायचा, किंवा छर्रे मेणात थिजवायचे, असे जुने जुगाड ऐकायला मिळतात. नळी आणि हात शाबूत राहावेत असं वाटत असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

जाड छऱ्यांचं, म्हणजे बकशॉटचं काय, असंही विचारलं जातं. डबल-ऑट आकाराचा एक छर्रा सुमारे साडेतीन ग्रॅमचा. नऊ छर्रे एकदम लागले तरी प्रत्येक छर्रा आपापल्या ताकदीनंच आत जातो, नऊ जण मिळून एक खोल भोक पाडत नाहीत. अस्वलाच्या चरबीत आणि स्नायूत ते उथळच राहतात. मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीतल्या काडतुसांच्या कप्प्यात, एक स्लग, एक बकशॉट अशी आलटून-पालटून भरणी करणारेही आहेत. माझ्या मते ऐन वेळी पुढचं काडतूस कोणतं, हा हिशेब डोक्यात असणंच चूक. एकच जात भरा.

पायरी ४: खोलीचा हिशेब

आता डब्यावरच्या त्या आकड्याकडे येऊ. गोळीची ऊर्जा म्हणजे वजनाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. वर्ग असल्यामुळे वेग थोडा वाढवला की आकडा भराभर फुगतो. म्हणून हलका आणि वेगवान स्लग कागदावर नेहमी तगडा दिसतो.

एक जोडी शेजारी ठेवून बघा. पहिला, एक औंसाचा म्हणजे २८ ग्रॅमचा ३ इंची फॉस्टर, वेग सेकंदाला सुमारे ५३६ मीटर. दुसरा, ३९ ग्रॅमचा ३ इंची ब्रेनेके, वेग सुमारे ४५८ मीटर. गणित केलं तर दोघांची ऊर्जा नळीच्या तोंडाशी चार हजार ज्यूलच्या थोडी वर, जवळजवळ सारखीच. डब्यावरचा आकडा बघून निवडणाऱ्याला दोन्ही एकच वाटतील. पण पहिला मऊ शिशाची पोकळ वाटी आहे आणि दुसरा कडक, भरीव, दीडपटीच्या जवळ जाणाऱ्या वजनाचा. हरणाच्या बरगड्यांत दोघंही आरपार जातील. अस्वलाच्या खांद्यावर पहिला आपली सगळी ऊर्जा पसरण्यात आणि वरवरचा मोठा घाव करण्यात खर्चू शकतो. दुसरा हाड मोडून पुढे जाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

हे मोजायची एक सोपी रीत आहे: गोळीच्या तोंडाच्या दर चौरस सेंटीमीटरमागे किती ग्रॅम वजन उभं आहे ते काढा. १२ बोअरच्या स्लगच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस सेंटीमीटर. २८ ग्रॅमच्या स्लगला हा भार साडेदहा ग्रॅम पडतो, ३९ ग्रॅमच्या स्लगला साडेचौदा, आणि ४७ ग्रॅमच्या जड ओतीव स्लगला साडेसतरा. आता .३७५ रायफलीची नेहमीची १९.४ ग्रॅमची गोळी घ्या. तिला हाच भार सत्तावीसच्या वर येतो. गोळी वजनानं निम्मी, तरी सुई आणि अंगठा यातला फरक. सगळ्यात ताकदवान स्लगसुद्धा खोलीच्या बाबतीत मोठ्या रायफलीच्या मागेच राहतो, तो इथे.

आणि हा हिशेब गोळी लागण्यापूर्वीचा. मऊ स्लग पसरून २५ मिलिमीटरचा झाला, तर तोंड जवळपास पाच चौरस सेंटीमीटरचं होतं आणि साडेदहाचा भार सहाच्याही खाली उतरतो. म्हणजे मोठ्या जनावरासाठी पसरणं ही चैन आहे. १८ मिलिमीटरचं भोक मुळातच मोठं आहे, त्याला आणखी रुंद करण्याची गरज नाही. ते लांब करायचं आहे.

म्हणून खरेदीच्या वेळी डब्यावर हे शोधा: वजन ३५ ग्रॅमच्या वर, भरीव बांधणी, ‘कडक’ मिश्रधातूचा स्पष्ट उल्लेख, सपाट किंवा जवळपास सपाट नाक. ग्रेनमध्ये लिहिलं असेल तर एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन, तेव्हा ५५० च्या वरचा आकडा बघा. या चार गोष्टी जमत असतील तर वेग चारशे-सव्वाचारशे मीटर असला तरी मन खट्टू करू नका. ‘लवकर पसरणारा’, ‘पोकळ नाकाचा’, ‘तीन तुकडे होणारा’ अशी जाहिरात दिसली तर तो डबा परत फळीवर.

अंतरानं हा हिशेब आणखी बिघडतो. स्लग बुटका आणि जाड असल्यानं हवा त्याला भराभर थोपवते. ४७५ मीटर वेगानं सुटलेला २८ ग्रॅमचा फॉस्टर ४५ मीटरवर सुमारे ३५८ वर येतो आणि ९० मीटरवर तीनशेच्या खाली. ऊर्जेत बोलायचं तर शंभरातले जेमतेम चाळीस रुपये हातात उरतात. गुळगुळीत नळीनं मोठ्या जनावरावर पन्नास-साठ मीटरच्या पुढे बार काढू नये, असं मी म्हणतो ते नेमासाठी तर आहेच, पण या घसरणीसाठीही.

पायरी ५: खांद्याला विचारा

३.२ किलोच्या बंदुकीतून ३९ ग्रॅमचा मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचा, स्लग सुटतो तेव्हा मागे येणारी ऊर्जा साधारण सत्तर ज्यूल असते. .३०-०६ सारख्या नेहमीच्या शिकारी रायफलीच्या अडीच पट म्हणा. पहिला बार कसाही निघतो. दुसऱ्या बाराला डोळे मिटतात, तिसऱ्याला चाप ओढण्याऐवजी झटकला जातो. नेम चुकण्याची सवय अशीच लागते, आणि ती सुटायला महिने जातात.

म्हणून ३½ इंची काडतुसांचा मोह टाळा. ७० मिलिमीटरच्या काडतुसातही ३५ ग्रॅमच्या आसपासचे चांगले कडक स्लग मिळतात, आणि त्यातले दोन लागोपाठ जागेवर बसवणं हे एक मॅग्नम हवेत सोडण्यापेक्षा केव्हाही बरं. दस्त्याला जाड रबरी गादी लावा. दस्त्याची लांबी अंगावरच्या जाड जॅकेटसकट तपासा. हलकी बंदूक खांद्यावर दिवसभर वागवायला सुखाची, पण उडवताना तीच सूड घेते.

पायरी ६: कागदावर परीक्षा

एकाच साच्यातल्या दोन बंदुकींनाही वेगळे स्लग आवडतात. कारण शोधत बसू नका, तीन-चार जातींचा एकेक डबा घ्या आणि मोकळ्या दिवशी रेंजवर जा. कानांना संरक्षण दुहेरी घ्या, आतून बोळे आणि वरून इअरमफ.

बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ मीटरवर प्रत्येक जातीचे तीन बार, मग ५० मीटरवर तीन. मध्ये नळी गार होऊ द्या. २५ मीटरवर तीन भोकं तळहाताखाली झाकली जात असतील तर बचावासाठी पुरे, ५० मीटरवरही तसंच झालं तर शिकारीसाठी चांगलं. एका बैठकीत दहा-बाराच्या वर मॅग्नम उडवू नका. त्यानंतर कागदावर जे दिसतं ते काडतुसाचं नसतं, थकलेल्या खांद्याचं असतं.

नेम धरायला नळीच्या टोकाला नुसता मणी असेल तर एक चूक हमखास होते: घाईत गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि गोळी जनावराच्या पाठीवरून निघून जाते. मागे मोठ्या छिद्राची आणि पुढे ठळक रंगाच्या काडीची साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, बसवून घ्या. काडतुसांनंतरचा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च हाच. दुनळी बंदुकीत आणखी एक भानगड असते. दोन्ही नळ्या छऱ्यांसाठी जुळवलेल्या असतात, स्लग त्यातून वेगवेगळ्या जागी जातात, कधी एकमेकांना ओलांडतातही. प्रत्येक नळीचा नेम वेगळा तपासा.

पायरी ७: यंत्राची परीक्षा

जो स्लग कागदावर जिंकला, तो बंदुकीतून फिरतो का ते बघा. रुंद सपाट नाकाची काडतुसं काही बंदुकींच्या मॅगझिनमधून वर येताना अडकतात. मॅगझिन पूर्ण भरून, उभं राहून, वेगानं किमान वीस-पंचवीस काडतुसं उडवा. पंप बंदुकीत घाबरलेला माणूस पुढचा दांडा पूर्ण मागे ओढत नाही आणि रिकाम्या चेंबरवर चाप दाबतो. हे सरावानंच सुटतं. स्वयंभरणी बंदूक धक्का कमी देते, पण हलकी काडतुसं तिला कधीकधी पुरत नाहीत. एखादी जात शंभरातून एकदा अडकत असेल तरी ती बाद.

आणि घरात १२ व २० बोअर दोन्ही असतील तर काडतुसं एका खिशात कधीही ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, मागून १२ चं भरलं जातं आणि नळी फुटते. २० बोअरची काडतुसं पिवळी करण्याची रीत पडली ती यासाठीच.

पायरी ८: कुठे मारायचं

आडव्या उभ्या जनावरात पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात हृदय आणि फुप्फुसं मिळतात. मूससाठी हेच. तो लगेच पडला नाही म्हणून हळहळू नका, उभा आहे तोवर पुढचा बार काढा. अस्वलाच्या शिकारीत कडक स्लग हातात असेल तर नेम थोडा पुढे, खांद्यावर घ्या. हाड मोडलं तर त्याला तुमच्याकडे येणं अवघड जातं, आणि हाडामागेच फुप्फुसं असतात.

समोरून येणाऱ्या अस्वलाचं डोकं खाली असतं आणि कपाळ मागे तिरकं जातं. त्याच्या कवटीचा फुगवटा हा बराचसा स्नायूच. मेंदू छोटा, आणि वाटतो त्याहून खाली, डोळ्यांच्या रेषेच्या आसपास. वर मारलेली गोळी मांस फाडून निघून जाते. डोकं उंच असेल तर हनुवटीखाली, छातीच्या मधोमध. खूर-पंजे जमिनीवर थांबेपर्यंत उडवत राहा, एका बारावर नजर टाकून निकाल बघत बसू नका.

पडलेल्या जनावराजवळ मागून, वरच्या बाजूनं जा. बंदूक भरलेली, बोट चापाबाहेर. लांब काठीनं डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर आणखी एक बार, हलली नाही तरी मिनिटभर उभे राहा.

कडक स्लग आरपार जातो हे विसरू नका. पलीकडे कोण आहे ते दिसत नसेल तर चाप ओढू नका. चुकलेला स्लग खडकावरून किंवा पाण्यावरून उसळतो आणि शेकडो मीटर जातो.

निवड झाली की त्याच जातीची, डब्यावरचा लॉट क्रमांक एकच असलेली पुरेशी काडतुसं एकदम घेऊन ठेवा, कारण लॉट बदलला की नेम थोडा सरकू शकतो. सरावासाठी त्याच वाटेनं जाणारा हलक्या धक्क्याचा स्लग शोधा, पण शेवटचे पाच-दहा बार खऱ्या काडतुसाचेच असू द्या. रानात महिनाभर मॅगझिनमध्ये राहिलेली काडतुसं बाहेर काढून बघा. पितळी बुडाला हिरवट डाग चढला असेल, प्लास्टिक फुगलं असेल किंवा मॅगझिनच्या स्प्रिंगनं तोंड दबलं असेल, तर ती सरावाच्याही कामाची नाहीत.